एझ्रा हॉबडेवरचा आळ

हॅना क्रॉसलीचा खून झाला १९०९ साली आणि नॉर्मन एंटविसल जन्मला त्यानंतर अडतीस वर्षांनी. तरी अख्ख्या गावात त्या बाईचं एवढं मनावर घेणारा दुसरा कुणी नव्हता. हॅना लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. एका पहाटे ती आपल्याच मागच्या दारात मरून पडलेली सापडली. मारणारा काही सापडला नाही. हॅनाच्या त्या कालव्याकाठच्या गल्लीवरून नॉर्मनने तीस वर्षं बस चालवली आणि सुट्टीचे दिवस वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं उपसण्यात घालवले. त्याची बायको ब्रेंडा म्हणायची, "मेल्यावर तरी माझ्याकडे एवढं बघशील ना रे? तसं असेल तर आजच मरते."

हॅनावर तीन सिनेमे निघाले होते. तिसऱ्यात तिच्या पायांत भलत्याच काळातले बूट होते, दुसऱ्यात गल्लीतला दिवा चुकीचा होता. दोन्ही वेळा नॉर्मनने सिनेमावाल्यांना लांबलचक पत्रं धाडली. पहिल्या, काळ्यापांढऱ्या सिनेमाला मात्र त्याने कधी नावं ठेवली नाहीत. तो त्याने नवव्या वर्षी वडिलांच्या शेजारी बसून पाहिला होता.

खुनी कोण, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. गल्लीतला पाववाला एझ्रा हॉबडे! पहाटे पाचला त्याची हातगाडी हॅनाच्या दाराशी उभी होती. गेली तीस वर्षं दर नोव्हेंबरात वाचनालयात भाषण करताना नॉर्मन या गाडीपाशी आला की टेबलावर मूठ आपटायचा आणि चाळीस माणसांच्या कपांतला चहा हिंदकळायचा.

यंदा भाषण संपल्यावर एक म्हातारी चालताना आधाराला धरायची चौकट ढकलत त्याच्यापाशी आली.

"मी आयव्ही हॉबडे. एझ्राची नात."

नॉर्मनचा चेहरा पांढराफटक पडला.

"भांडायला नाही आले. तो पहिला सिनेमा आला ना, त्यानंतर लोक आमच्या दारावर 'खुन्याचा पाव' असं लिहून जायचे. बाबांनी दुकान विकलं. मला आता चौऱ्याऐंशी झालीत, पोरा. ती गाडी कुठे लिहिलीय तेवढं दाखव, म्हणजे मी गप्प बसेन."

"उद्याच दाखवतो," नॉर्मन म्हणाला.

उद्याचे तीन दिवस झाले. चौकशीत अकरा साक्षी झाल्या होत्या. दूधवाली होती, शिपाई होता, शेजारीण होती. गाडी कुठेच नव्हती. नॉर्मनने कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले. चौथ्या दिवशी दुपारी त्याने तो काळापांढरा सिनेमा लावला. सातव्या मिनिटाला धुकं आलं, ओले दगड दिसले, चाक करकरलं आणि पावाची गाडी हॅनाच्या दाराशी थांबली. सिनेमातल्या पाववाल्याचं नाव वेगळंच होतं. पण गल्लीत पाववाला एकच, म्हणून गावाने हॉबडेला धरलं होतं. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या शहाण्याने पडद्यावरची गाडी पन्नासहून अधिक वर्षं पुरावा म्हणून डोक्यात बाळगली होती.

तो हमसून हमसून रडला. ब्रेंडाने टीव्ही बंद केला.

"सांगूच नकोस. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

ब्रेंडाने विखुरलेले कागद गोळा करून त्याच्यापुढे ठेवले. "मग पुढच्या नोव्हेंबरची वाट बघू नकोस. त्या बाईकडे एवढे दिवस नसतील."

गुरुवारी दुपारी वाचनालयात तीच माणसं पुन्हा जमली. काहीतरी नवा पुरावा मिळाला असणार, म्हणून सगळे उत्सुक. नॉर्मनने कागदावरून एक-एक साक्ष वाचून दाखवली आणि सांगितलं, की गाडी सिनेमातली आहे, हॉबडेविरुद्ध अक्षरही नाही, आणि तीस वर्षं मी तुम्हाला खोटं सांगितलं.

"मग मारलं कुणी तिला?" मागून एकजण चिडून ओरडला.

"मला माहीत नाही."

हे शब्द नॉर्मनने जन्मात उच्चारले नव्हते.  पुढच्या रांगेतून आयव्ही चौकटीला धरून उठली.

"सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. माझे आजोबा कोण होते?"

"एझ्रा हॉबडे," नॉर्मन मोठ्याने म्हणाला. "पाववाले."

म्हातारी मटकन खाली बसली आणि सगळ्यांदेखत आजोबांसाठी रडली. आजवर तिला तेही करता आलं नव्हतं.