गंगारामच्या काळजातला डाग

आंबे पिकवायला पेंढ्यात आढी लावावी तर गंगाराम बाण्यानंच, असं रत्नागिरीतले बागायतदार म्हणत. पेंढ्यात हात घातला की नासका आंबा बरोबर त्याच्याच बोटांना लागायचा. एक नासला की शेजारचे चार नासवतो, हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान. ते त्यानं आंब्यांपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं!

शहाऐंशी सालच्या गणपतीनंतर त्याला हृदयविकाराचा झटका आला. घरी सोडताना डॉक्टर मालिनीबाई म्हणाल्या, "हृदयाचा थोडा भाग मेलाय, जपा." झालं! मेलेलं म्हणजे कुजणार, कुजलं म्हणजे पसरणार. दिवाळी आली नि गेली, हा आपला छातीवर हात ठेवून पडून. बायको गोदा पेज घेऊन आली की भिंतीकडे तोंड. शेवटी एका सकाळी त्यानं दाढी केली, धुतलेलं धोतर नेसला आणि म्हणाला, "चल गो. कापून काढाया सांगतो. मेलो तर मेलो, पन असां कुजत नाय मरायचां."

गोदानं चुलीवरची पेज उतरवली आणि ती मागून निघाली.

दवाखान्यात तो बाईंसमोर ताठ बसला. "बाई, नासलाय तेवढा काढून टाका. बाकीचां तरी ऱ्हाईल."

बाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो गंगारामदादा, हृदय म्हणजे काय आढी आहे? मेलेल्या पेशी शरीर स्वतःच साफ करतं. तिथे आता वण धरलाय. आणि पेशी तर माझ्याही मरतात. कितीतरी ठरल्यासारख्या, आपणहून, शेजारणीला न बाधता. झाड फाजील कैऱ्या गाळतं, म्हणून तुम्ही झाड तोडता का?"

"नाय."

"हृदयात असं आपणहून मरणं किती घडतं, ते मोठमोठ्यांनाही अजून नीट ठाऊक नाही. पण मेलेलं तिथे नासत नाही, पसरत नाही. औषध चुकवू नका आणि रोज थोडं चाला."

गंगारामनं भीत भीत श्वास घेतला. निम्म्यावर थांबला, काही होतंय का पाहिलं, मग पुरता घेतला. त्याचा जीव भांड्यात पडला.

बाहेर बाकावर गोदा डोळे मिटून ग्रामदेवाला नवस बोलत होती.

"कापायचां नाय," तो म्हणाला. "ऱ्हायलेलां काळीज चांगलां हाय."

गोदा उठायला गेली आणि मटकन खाली बसली. "अवो, मना उठवा," ती रडत रडत म्हणाली, "माज्या पायातलां बळच गेलां."

गंगाराम वाकला, तिला दोन्ही हातांनी धरून उभं केलं, आणि दोघं पायीच घरी निघाली.