कासुर्डी फाट्यावरचं अभिनंदन

कासुर्डीहून भांडगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला जाणाऱ्या हसीना मॅडमच्या स्कूटीच्या डिकीत रेनकोट नसतो, पान्हा नसतो; प्लास्टिकचं हृदय असतं. आतले कप्पे उघडून दाखवता येतील असं. हायवेवर एकदा पोलिसानं डिकी उघडायला लावली, तर बिचारा दोन पावलं मागं सरला होता. मॅडमचा आवाजही तसाच. मागच्या बाकावर डुलक्या घेणारा तर जागा होतोच, शेजारच्या वर्गातलाही होतो.

संध्याकाळी पाच वाजले की हाच आवाज एकदम खाली येतो. हसीनाच्या वडिलांचं, शेखलालचाचांचं, गाद्यांचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत कापसाच्या गाठींमध्ये ती मांडी घालून बसते, मोबाईल समोर टेकवते आणि कुजबुजत शिकवायला लागते. कापूस आवाज गिळतो, म्हणून ही जागा. आपल्याकडचे पाच म्हणजे काबूलमधले चार. तिथं एका घराच्या आतल्या खोलीत आठ-दहा मुली एकाच फोनभोवती गोळा झालेल्या असतात.

ही ओळख पुण्यातली. एमएस्सीला हसीनाच्या होस्टेलच्या खोलीत झरमीना नावाची अफगाण मुलगी होती. ईदला ती कासुर्डीला यायची, गाद्यांच्या ढिगावर लोळायची आणि पिठलं मागून मागून खायची. लहानपण पेशावरात गेल्यामुळं तिला उर्दू येत होती, त्यामुळं दोघींच्या गप्पांना अंत नसे. शिकून ती काबूलला परत गेली, शाळेत शिकवू लागली. मग तालिबान आले. सहावीच्या पुढं मुलींना शाळा बंद, म्हणजे झरमीनाचीही नोकरी गेली. रडून झाल्यावर तिनं घरीच मुली गोळा केल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, शिवणाचा क्लास आहे. शिवण चालतं त्यांना, हृदयाचे कप्पे चालत नाहीत. प्रत्येक मुलीच्या मांडीवर कापड आणि सुई. दारावर थाप पडली की वही खाली, कापड वर. जीवशास्त्राला कुणी नव्हतं, म्हणून तिनं हसीनाला विचारलं. हसीना हो म्हणाली तेव्हा आपण काय पत्करतोय हे तिला नीट कळलंही नव्हतं.

त्याआधी हसीना कुरकुरी होती, हे तिची आईसुद्धा सांगेल. प्रयोगशाळेचा नळ गळतो, ऑफ तासाला बदली वर्ग देतात, एक ना दोन. एकदा तिनं झरमीनाजवळ शाळेच्या घंटेची तक्रार केली. स्टाफरूमच्या खिडकीलाच टांगलीय, कान किटतात. झरमीना म्हणाली, मुलींना एकदा ऐकव. दुसऱ्या दिवशी हसीनानं मधल्या सुट्टीची घंटा रेकॉर्ड केली; घंटा, आणि तिच्यामागून दोनशे पोरापोरींचा तो कल्ला. काबूलच्या मुलींनी ती चुपचाप ऐकली. परत लावा म्हणाल्या. त्या दिवसापासून हसीनाला आपल्या आयुष्यातल्या साध्यासाध्या गोष्टींचे उपकार वाटायला लागले. गळका नळ दिसला तरी ती मनात म्हणते, शाळेत नळ आहे.

त्या मुलींत एक होती लैलुमा. हिंदी सिनेमे बघून शिकलेल्या मोडक्या हिंदी-उर्दूत हिचे प्रश्न संपायचे नाहीत. रक्त परत उलटं का वाहत नाही, मेल्यावर हृदय जड होतं का, असलं काहीतरी विचारून ती हसीनाला भंडावून सोडायची, आणि हसीनाला तेच आवडायचं. परदेशातल्या एका ऑनलाइन शाळेची दहावीच्या तोडीची परीक्षा तिनं लपूनछपून दिली आणि चक्क पहिली आली. झरमीनानं फोटो पाठवला. प्रमाणपत्र हातात धरलेली लैलुमा, शेजारी स्वतः झरमीना, दोघींचे चेहरे उघडे, हसून हसून लाल झालेले. खाली लिहिलं होतं, पाहा आणि पुसून टाक.

हसीनानं पाहिला. पुसायच्या आधी मात्र राहवलं नाही, आणि तिनं तो अब्बांना पाठवला. तेवढंच.

आता शेखलालचाचांच्या दुकानात रोज सकाळी चहाला येणारी असामी म्हणजे बबनराव. ऊस आणि कांद्याचे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन, आणि अभिनंदनाचे फ्लेक्स लावण्याचा दांडगा शौक. गावात कुणी पोलीस भरती होवो, कुणाची पोर नर्सिंगला लागो, दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स हजर. वर यश मिळवणाऱ्याचा फोटो, खाली हात जोडलेले बबनराव, तेही जरा मोठेच. आमच्या भागात कौतुक हे असंच करतात; फ्लेक्स लागला नाही तर पास झाल्यासारखं वाटत नाही. दोन्ही म्हाताऱ्यांनी तो फोटो पाहिला, डोळे पुसले आणि ठरवलं की हसीनाला सांगायचंच नाही, एकदम चकित करायचं.

सकाळी हसीना स्कूटीवरून फाट्यावर आली आणि तिचे पाय जमिनीला टेकले ते तिथंच खिळले. दहा फुटी फ्लेक्स. त्यावर लैलुमा आणि झरमीना. 'काबूलची कन्या, कासुर्डीची विद्यार्थिनी कु. लैलुमा हिचे हार्दिक अभिनंदन. मार्गदर्शक: हसीना मॅडम व झरमीना मॅडम.' पुण्या-सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्या खिडकीतून बघत चालल्या होत्या. खाली बबनराव हात जोडून उभे, फोटोतही आणि प्रत्यक्षातही.

ते हसतच पुढं आले, आणि तिचा चेहरा बघून थबकले. हसीनाच्या तोंडाशी फार वाईट शब्द आले होते. ते बाहेर पडले नाहीत. सातवीनंतर हसीनाची शाळा सुटणार होती, हायस्कूल हायवेपलीकडं म्हणून. तेव्हा याच माणसानं अब्बांसमोर ठाण मांडून सांगितलं होतं की आमची नीलम जाती, तिच्या मागं हसीना बसंल, सायकल माझी. लेकीचं, नीलमचं, लग्न झाल्यावर ती सायकलही त्यांनी हसीनालाच ठेवू दिली. अशा माणसाला कुठल्या तोंडानं बोलायचं? तिनं आवाज जेवढा खाली येईल तेवढा आणून सांगितलं, "मामा, हा फोटो तिथल्या कुणी पाहिला ना, तर या दोघींना घरातून उचलून नेतील."

 बबनरावांनी शेजारच्या उसाच्या फडातून कोयता मागून घेतला. वयाची पासष्टी ओलांडलेला माणूस, धोतर खोचून बांबूवर चढला आणि त्यानं एकेक दोरी तोडली. फ्लेक्स खाली आला तसा त्यांनी तो छापील बाजू आत करून गुंडाळला आणि काखेत मारला.

खरी पंचाईत पुढंच होती. यवतमधल्या ज्या नवनाथनं फ्लेक्स छापला, त्यानं धंद्याची जाहिरात म्हणून तो फेसबुकवर टाकला होता, आणि तिथून तो गावाच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, कुठंकुठं गेला होता. हसीनानं झरमीनाला फोन करून सगळं सांगितलं. झरमीना रागावली नाही, हेच जास्त लागलं. आता तू फोन करू नकोस, एवढं म्हणाली आणि तिचा फोन बंद झाला.

मग बबनराव आणि शेखलालचाचा मोटारसायकलवर बसून निघाले. नवनाथकडून पोस्ट काढून घेतली. नंतर ज्यांनी ज्यांनी ती पुढं पाठवली होती त्यांच्या दारात. निमोण्याला बबनरावांची बहीण दिलेली, तिच्या पोरानं स्टेटसला ठेवलेलं, तर तिथवर गेले. जो माणूस गावात कुणापुढं मान खाली घालत नाही, तो दारोदार हात जोडून म्हणत होता, "तेवढा फोटू पुसा बाबा. एका लेकीच्या जिवाचा सवाल हाय." कासुर्डीत कुणाच्या घरी भाजी करपली तरी वाऱ्यासारखं पसरतं. पण त्या आठवड्यात गावानं तोंड शिवलं. पारावर कुणी विषय काढला की दुसरा त्याला गप्प बसवायचा. हसीना हे बघत होती आणि तिला रडू येत होतं, भीतीनंही आणि या माणसांच्या मायेनंही.

रोज पाच वाजता ती कापसात जाऊन बसायची. फोन मुका. बबनराव दाराबाहेर बाकड्यावर बसायचे, आत यायचे नाहीत. चहा दिला तर घ्यायचे नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "माझ्या हौसंपायी पोरगी गेली तर मी काय तोंड दाखवू गं?"  हसीना त्यांच्याशेजारी बसून राहिली.

आणि मग एक दिवस अनोळखी नंबर वाजला. झरमीना होती. फोन बंद केला त्याच दिवशी तिनं घर बदललं होतं, क्लास दुसऱ्या मोहल्ल्यात हलवला होता. कुणी आलं नव्हतं. मुली सगळ्या होत्या. हसीनानं दार उघडून बबनरावांना आत ओढलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. त्यांना उर्दू फारशी कळत नव्हती, पण चढ्या-उतरत्या आवाजावरून पोर जिवंत आहे एवढं कळलं, आणि ते कापसाच्या गाठीवर मटकन बसले.

लैलुमा फोनवर आली. हसीना माफी मागायला लागली, चूक आमची, तुला विचारायला हवं होतं. लैलुमानं ते मधेच तोडलं. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"मॅडम, तो फलक कुठं लावला होता? घरात की रस्त्यावर?"

"रस्त्यावर. मोठ्या रस्त्यावर."

"माझं नाव होतं त्याच्यावर?"

"होतं."

"मग लोकांनी वाचलं?"

 हसीनानं बबनरावांकडं पाहिलं आणि त्यांना मराठीत सांगितलं की पोरगी विचारतीय, लोकांनी वाचलं का. बबनराव उठून फोनजवळ आले. भाषा येत नसलेल्या त्या मुलीला, जपून, एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले, "वाचलं, बाळा. सगळ्यांनी वाचलं."

 पलीकडं सुया-कापडं बाजूला सारल्याची सळसळ झाली, आणि लैलुमा म्हणाली, "शिकवा, मॅडम."

हसीनानं ओढणीनं डोळे पुसले आणि मूत्रपिंड शिकवायला घेतलं.