कपाटात नसलेले पात्र

तापत्या दुधावर साय धरू लागते तेव्हा जो पिवळसर, जडावलेला शुभ्र रंग दिसतो, तसा त्या दगडाचा रंग होता. खिडकीतले ऊन त्यावर पडले की ते पात्र आतून उजळे. हजारो वर्षांपूर्वी मिसर देशातल्या, नाईलकाठच्या कुणा कारागिराने इतका पातळ कोरलेला दगड! त्याला आपण निर्जीव कसे म्हणावे?

परवा धंतोलीतल्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसलो असताना तो रंग मला पुन्हा दिसला. नातीला जुन्या वस्तूंचा नाद. परदेशातल्या एका लिलावाचे पान तिने मोबाइलवर माझ्यापुढे धरले. काठावरचा नखाएवढा टवका, पोटावरून तिरपी गेलेली तपकिरी शीर... मी ते लगेच ओळखले. आमच्या कॉलेजच्या छोट्या संग्रहालयातले हे पात्र. त्याची नोंदवही माझ्या हाती होती.

आमची वार्षिक तपासणी कशी चाले, ते तुम्हाला सांगतो. मी पंख्याखाली वही घेऊन नाव वाचायचे आणि कपाटापाशी उभ्या शिपायाने ‘आहे’ म्हणायचे. मी खूण करायची. खुर्चीवरून उठायची पद्धतच नव्हती. दौलत नवा लागला, किल्ल्या त्याच्याकडे आल्या आणि पहिल्याच उन्हाळ्यात या पात्राच्या नावाशी तो अडला.

“साहेब, थो दगडी गडू दिसून नाही राहिला.”

“असेल गा मागच्या फळीवर. पुढचं बोल.”

“मागं बी पाहिलं ना, साहेब.”

मी खूण केली. जेवणाची वेळ झाली होती, बाकी काही कारण नव्हते. दुसऱ्या वर्षीही केली, कारण पहिल्या वर्षी केली होती. तिसऱ्या वर्षी त्याने सांगणेही सोडले. मग नवे प्राचार्य स्वतः कपाट उघडून उभे राहिले. पात्र नव्हते, वहीत मात्र गेल्या उन्हाळ्यापर्यंत ते होते, माझ्या सहीनिशी. त्यानंतर किल्ल्या कुणाकडे होत्या? दौलतकडे. चौकशीत त्याने एकदाच माझ्याकडे पाहिले. मी वहीकडे पाहत राहिलो. त्याची नोकरी गेली, आणि तो आपल्या गावी, खाप्याला परतला. तिथल्या चौकात लोक त्याला हटकत, “काहून गा दौलत, मिसरचा गडू कुठं पुरला? आमाले पानी तरी पाज त्यातून!” हे माझ्या कानावर येई. मी ऐकून घेई.

लिलावाच्या पानावर लिहिले होते, की पात्र अमुक वर्षापासून परदेशातल्या एका खाजगी संग्रहात आहे. त्या वर्षी दौलत नोकरीला लागलाही नव्हता! ते कोणी नेले, मला आजही ठाऊक नाही. पण दौलतने नेले नाही, हे मला पहिल्या खुणेपासून ठाऊक होते; नेणारा स्वतःहून ‘दिसत नाही’ कशाला सांगेल? जे सांगायला माझी एक जीभ पुरेशी होती, ते दूरदेशीच्या व्यापाऱ्याच्या कागदाने सांगेपर्यंत मी का थांबलो? भित्र्या माणसाला सत्यही साक्षीदारासह लागते.

कॉलेजला आणि लिलाववाल्यांना सारे लिहून पाठवले, आणि खाप्याला गेलो. दौलत जाऊन बरीच वर्षे झालेली. त्याच्या पत्नीने, अंजनाबाईंनी, शांतपणे ऐकून घेतले.

“थे म्हनत, साहेबाले माहीत आहे, साहेब सांगतीन एक दिवस,” त्या म्हणाल्या. “मले काय सांगता? मले त माहीतच होतं. चौकात जाऊन सांगा, जिथं त्यायले गडूचोर म्हनत.”

मी चौकात गेलो. चहाच्या टपरीवर चार-पाच माणसे बसली होती, सगळी माझ्या मुलाहून लहान. मी दौलतचे नाव घेतले.

“कोन दौलत, बाबाजी?”

हटकणारे कधीच निघून गेले होते. मी त्याचे घर सांगितले, काम सांगितले, आणि मग त्याने चोरी केली नव्हती हेही सांगितले. माणसे आदराने ऐकत होती. एकाने मला बसायला जागा करून दिली. ज्यांनी दौलतला कधी पाहिले नव्हते, त्यांना त्याची पहिली ओळख मी करून दिली होती, आणि तीही चोरीचे नाव घेऊनच.