वसईला इंग्रज आले नाहीत

२०२३ साल. मी शहात्तर वर्षांचा होतो आणि जपानात, हिगाशी-कसाईत मुलाच्या घरी, आठव्या मजल्यावर राहत होतो. शिक्षण माझं चौथी. पण मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला कसा घेतला, हे मला कुणी शिकवायला नको. आमची केळीची वाडी किल्ल्याच्या जवळच.

मुलाच्या घरी बेल वाजली की भिंतीवरच्या पडद्यावर खाली उभ्या माणसाचं तोंड दिसतं. पार्सलवाला असायचा, पण मला दर वेळी माझा वसईचा शेजारीच दिसायचा. सुनेला सांगून टाकलं, "बेल तूच बघत जा. चष्म्याशिवाय मला दिसत नाही." खोटंच.

एका संध्याकाळी नात इतिहासाचा धडा घेऊन बसली. इंग्लंड आणि पोर्तुगालच्या राजांनी साडेसहाशे वर्षांपूर्वी तह केला होता. एकावर कुणी चालून आलं, तर दुसऱ्यानं फौज घेऊन धावायचं.

"हे मला विचार," मी म्हणालो. "मराठ्यांनी वसईला वेढा घातला, तेव्हा पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांना किती हाका मारल्या! थोडाफार दारूगोळा दिला, फौज काही आली नाही. बसले बघत."

"नान्दे?" 'का?' असं विचारायचं झालं तर तिच्या तोंडी जपानीच येतं.

"का काय? आमच्याशी जमवून घेण्यात त्यांचा फायदा होता. हुशार!"

"मग प्रॉमिस कशाला केलं? चीटर आहेत ते. आणि आजोबा, तुम्ही हसताय काय?"

माझं हसू गेलं.

शेजाऱ्याची वाडी आणि माझी, मध्ये एकच बांध. बिल्डरची माणसं फिरायला लागली, तेव्हा आम्ही दोघांनी विहिरीवर ठरवलं होतं. तुझ्या कुंपणाला हात लागला तर मी येणार, माझ्या कुंपणाला लागला तर तू. माझ्याकडे आले, तेव्हा तो हातातलं काम टाकून कोयत्यासकट धावत आला. मग ते मला एकट्याला गाठून म्हणाले, "तुझी वाडी सोडतो. उद्या फक्त घराबाहेर पडू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्यानं माझं दार वाजवलं. "भाऊ, चल रे, आले ते!" मी आतून कडी लावून उभा. पलीकडे त्याला धाप लागलेली ऐकू येत होती. दुपारपर्यंत त्याची सगळी केळी आडवी झाली. मी पालघरला गेलो होतो, असं नंतर सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली. एकोणीस वर्षं मी ते पालघर सांभाळलं. बायको गेली, तिलाही खरं सांगितलं नाही.

सकाळी उठलो. वसईत सात वाजू देत म्हणून इथले साडेदहा होईपर्यंत थांबलो आणि फोन लावला.

"भाऊ? जपानहून? बरा आहेस ना?"

"त्या दिवशी मी पालघरला नव्हतो," मी म्हणालो. "दाराच्या आतच होतो."

"ठाऊक आहे. चपला बाहेरच होत्या तुझ्या." तो खोकला. "पुढे बोल."

मी बोललो.