पाटोद्याचा पाट

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला तर नाहीच – ती गेली, आणि जाईपर्यंत तिला वाटत होतं की आपला पोरगा सरळ आहे. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं एक बरं आहे.

अंबाजोगाईत माझी लग्नाच्या स्थळांची वेबसाइट आहे. आता नाव बदललंय, तेव्हा वेगळं होतं. बाजार खुला झाला, देश खुला झाला, असं पेपरात रोज छापून यायचं. आमच्याकडं नेमकं काय खुलं झालंय ते दिसत नव्हतं. बस स्टँडसमोर दोन कॅफे निघाले होते एवढंच. फोनच्या तारेवर चालायचे, आणि एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्यातल्या एका कॅफेत बसून मी वेबसाइट करायला शिकलो. पुण्याहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं आणि शेजारी डिक्शनरी. शिकवायला कुणी नव्हतं. चुकलं की पुन्हा पहिल्या पानापासून.

आधी आमच्याच गल्लीतली वीस-पंचवीस स्थळं टाकली. मग केजची आली, परळीची आली, वधू-वर मेळाव्यांतले फॉर्म पोत्यानं यायला लागले. एकट्याच्यानं टायपिंग होईना. तेव्हा मी एक शब्द वाचला होता – आउटसोर्सिंग. लई आवडला मला तो. कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायचो, आमचं आउटसोर्सिंग घाटनांदूरला चालतं. लोक हसायचे. मीही हसायचो, पण आत कुठंतरी मला ते खरंच मोठं वाटायचं.

आमचं आउटसोर्सिंग म्हणजे शैलाताई. टायपिंगच्या क्लासला ती माझ्या पुढच्या बॅचला होती. लग्न होऊन घाटनांदूरला गेली, नवरा रेल्वे फाटकावर, एक पोरगी चार वर्षांची. मी माझा जुना कॉम्प्युटर तिच्या घरी नेऊन ठेवला. फॉर्म एसटीनं जायचे, कापडी पिशवीत, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती. दोन दिवसांनी तीच पिशवी परत यायची, आत फॉर्म आणि फ्लॉपी, फ्लॉपीवर तिच्या गोल अक्षरात तारीख. तिची चूक मी कधी पाहिली नाही. म्हणजे अक्षरशः नाही. फॉर्म भरणाऱ्यानं जन्मवेळ खोडून लिहिली असली, तर ती शेरा टाकायची – इथं दोन वेळा आहेत, विचारून घ्या. क्लासचे सर म्हणायचे, हिच्या बोटांना डोळे आहेत.

आता पाटाचं सांगतो. तुमच्याकडं काय म्हणतात माहीत नाही, आमच्याकडं बाईच्या दुसऱ्या लग्नाला पाट म्हणतात. पाट लावला, पाटाची बायको. बोलताना आवाज जरा खाली जातो. फॉर्मवर लोक लिहायचे, 'पाट चालेल', 'पाटाचं स्थळ'. कुणी शेऱ्यात लिही, कुणी अपेक्षेत, कुणी पत्त्याच्याच खाली. माझ्या डोक्यात नवा प्रोजेक्ट आला की अशा लोकांसाठी वेगळा विभाग काढायचा, पुनर्विवाह विभाग. चांगलंच काम होतं ते. आहेच. हजारभर नोंदी हातानं कोण चाळणार? मी पुस्तकात बघून प्रोग्रॅम लिहिला – ज्या नोंदीत कुठंही 'पाट' ही अक्षरं सापडतील, ती उचल आणि नव्या विभागात टाक.

पाटील आडनाव मी वगळलं. तेवढी अक्कल होती. पाटलांच्या पोरी पुनर्विवाहात दिसल्या असत्या तर दुकानाची एक काच शिल्लक राहिली नसती.

पाटोदा मला आठवला नाही.

पाटोदा तालुक्यातली सगळी पोरं-पोरी, पहिल्या लग्नाची, माझ्या प्रोग्रॅमनं उचलून पुनर्विवाहात नेऊन ठेवली. आपल्याच जिल्ह्यातला तालुका. लहानपणी नकाशात भरलेला. नाही आठवला.

पाटोद्याजवळच्या एका गावातले किराणावाले आप्पा, त्यांच्या मुलीची सोयरीक परळीत जमली होती. सुपारी फुटली होती, तारीख धरली होती. जमलेली स्थळं मी वेबसाइटवरून काढत नसे. आकडा मोठा दिसावा म्हणून. मुलाचा चुलतभाऊ पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होता, त्यानं सहज पाहिलं आणि परळीला फोन केला. झालं. पाटाची पोरगी कोरी म्हणून गळ्यात मारता का, असा निरोप परळीहून आला.

आप्पा भरदुपारी माझ्या दुकानात आले. ओरडले नाहीत. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "माझ्या पोरीचं आधी लगीन झालंतं का? सांगा तुमी."

त्या वेळी मला कळलं होतं का, चूक कुठं झाली ते? कळलं होतं. आप्पांनी गावाचं नाव घेतलं त्याच क्षणी कळलं. तुम्ही म्हणाल, मग बोलायचं की. दोन वाक्यांचं काम होतं. आप्पा, माझा प्रोग्रॅम चुकला, चला, मी येतो परळीला. पण मेळाव्यात मी माईकवरून सांगितलेलं होतं – माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही, म्हणून आमच्याकडं या. आता यंत्रच चुकलं म्हटलं असतं तर बाकीच्या हजार नोंदींवर कोण विश्वास ठेवणार? माणूस चुकला म्हटलं की वेबसाइट वाचत होती.

मी म्हणालो, टायपिंगवाल्या बाईकडून झालं असेल, बघतो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी... जाऊ द्या. थांबलो नाही.

आप्पा गेल्यावर मी ती फ्लॉपी काढली. आप्पांच्या मुलीच्या नोंदीत शेऱ्याचा रकाना रिकामा होता, शैलाताईनं तो रिकामाच ठेवला होता, कारण फॉर्मवरही रिकामा होता. मी त्यात दोन अक्षरं टाकली. पाट. फ्लॉपी बंद केली, मूळ फॉर्म पुस्तकाखाली सरकवला. मग पाटोद्याच्या बाकीच्या नोंदी गुपचूप जागेवर आणल्या. वेलदोडा घातलेला चहा मागवला होता, तो मी प्यायलो.

माझा निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी शैलाताई पहिल्या गाडीनं आली, पोरीला काखेत घेऊन. तिला खात्री होती. मी असं टाईप केलेलं न्हाई, भाऊ, फॉर्म काढा. मी म्हणालो, फॉर्म सापडत नाही. फ्लॉपी लावली आणि स्क्रीन तिच्याकडं वळवली. तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बोट स्क्रीनवर त्या दोन अक्षरांवर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं, तेव्हा तरी सांगायला हवं होतं – हो ना?

"माझ्याच हातानं झालं आसल मग," ती म्हणाली.

पुढं सगळं व्यवस्थित झालं, हे ऐका. आप्पा म्हणाले, बाईनं परळीला येऊन माणसांसमोर सांगितलं तर सोयरीक वाचेल. ती आली. मीही गेलो, जीप माझीच होती. बैठकीत पंधरा-वीस माणसं, बाया आतल्या दाराशी. शैलाताई उभी राहिली आणि म्हणाली, चूक माझी आहे, पोरगी कोरी आहे, पाहिजे तर लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. आणि तिनं खरंच ठेवला. पोरगी तिच्या पदराला धरून उभी होती. मी सतरंजीवर बसलेलो होतो. माझ्या हातात पोह्यांची प्लेट होती.

सोयरीक वाचली. लग्न झालं, मी जेवून आलो. वेबसाइटचंही नाव झालं – हे लोक चूक कबूल करतात, म्हणून.

आता राहिलेलं सांगतो. इतका वेळ फिरून फिरून इथंच यायचं होतं, आणि येत नव्हतो.

शैलाताईचं तिथलं लग्न पाटाचंच होतं. पहिला नवरा लग्नानंतर सहा महिन्यांत विहिरीच्या कामावर दगावला. घाटनांदूरात लोकांना माहीत होतं, अंबाजोगाईत फार कुणाला नव्हतं. तिनं मला सांगितलं होतं, क्लासचा जुना मित्र म्हणून. परळीला बैठक उठताना दारातली एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "सोता पाटाची हाय ना ही. बोटात तेच बसलेलं." तिला ते कुणी सांगितलं? मी सांगितलं होतं. आदल्या दिवशी फोनवर, मुलाच्या बापाला. पटावं म्हणून. दुसऱ्या कुणा टायपिस्टची चूक लोकांनी तपासली असती. हिची लगेच पटणार होती. फ्लॉपीत ती दोन अक्षरं टाकतानाच मला हे माहीत होतं.

जीपमध्ये परत येताना ती एकदाच बोलली. म्हणाली, आसल बी भाऊ, मनात आसतंय ते हातात येत आसल. मी रस्त्याकडं बघत होतो.

तिनं काम सोडलं. मी जुना कॉम्प्युटर परत आणला. मग इतर टायपिस्ट ठेवले, लातूरला, नांदेडला, चुका करणारे. वेबसाइट मोठी झाली.

मागच्या महिन्यात ती दुकानात आली. केस पांढरे झालेत. लेकीचं स्थळ टाकायचं होतं, तीच लेक, डोक्यावर हात ठेवलेली. फॉर्म आणला होता, पण शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात. मी म्हटलं, ताई, तुम्ही नाही भरला? ती जरा हसली.

"आता काईच लिहीत न्हाई मी. बँकेची स्लिप बी लेकच भरती. माझा हात चुकतो भाऊ, तुमाला तर म्हाईतच हाय."

मी टाईप केलं. नाव, शिक्षण, उंची, प्रथम विवाह. झाल्यावर स्क्रीन तिच्याकडं वळवली, वाचून घ्या म्हणालो. तिनं वाचलं नाही. तुमी बघितलंय ना, मग झालं, म्हणाली, आणि पिशवी उचलून घाटनांदूरच्या गाडीला गेली.