मागावरचा जिल्हा

पुण्याहून निघताना आमच्या खजिनदारांनी मला स्टेशनवर दोनदा फोन केला. एकदा जागा मिळाली का विचारायला आणि दुसऱ्यांदा, "बाई, त्या मागाचं काय ते या वेळी ठरवूनच या," हे बजावायला. मी हो म्हटलं आणि फोन पिशवीच्या तळाशी टाकून दिला. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला कुणी काम समजावून सांगायला लागलं की तिचं डोकं फिरतं.

आमचं एक छोटंसं मंडळ आहे, सगळे निवृत्त शिक्षक. पेन्शनमधून थोडं थोडं बाजूला काढून आम्ही दरवर्षी चार-दोन शाळांना मदत करतो. शिक्षकाला वर्गात काही वेगळं करून बघायचं असेल आणि त्यासाठी कुठूनच काही मिळत नसेल, तर त्याने आम्हाला एक साधं पत्र लिहायचं. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या श्रीलता टीचरांना आम्ही गेल्या जूनमध्ये एक जुना लाकडी हातमाग घेऊन दिला होता. सहावीच्या मुलांनी चौकटीच्या कागदावर सोलापूर जिल्ह्याचा नकाशा काढायचा, एकेक धागा मोजत तो कापडात विणायचा आणि त्यातून प्रमाण, क्षेत्रफळ, दिशा शिकायच्या, असं त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र वाचून मी इतकी खूश झाले की मागासाठी बैठकीत सगळ्यांशी भांडले.

पण फेब्रुवारी उजाडला तरी रिकाम्या मागाच्या एका फोटोपलीकडे त्यांच्याकडून काही आलं नव्हतं. आणि आमचा नियम आहे. शाळेचं वर्ष संपायच्या आत वर्गात वापरता येईल असं काही तयार झालं नाही, तर वस्तू उचलायची आणि रांगेतल्या पुढच्या शाळेला द्यायची. माग राहणार की जाणार, हे ठरवायला मी निघाले होते.

वाटेत माढा तालुक्यातली एक शाळा बघायची होती, म्हणून कुर्डुवाडीला उतरले आणि एसटी धरली. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच काढणीला आलेली ज्वारी. शेजारच्या आजींनी माझी पिशवी न विचारता स्वतःच्या मांडीवर घेतली.

"कुटं जायाचं, बाई?"

"शाळेत. दत्ता सरांकडे."

"व्हय, त्या भोंग्यावाल्या सरांकडं व्हय! माजी नात हाय की तितं."

भोंग्याचं रहस्य शाळेत उलगडलं. आमच्या मदतीतून दत्ता सरांनी तापमापक, पर्जन्यमापक आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा घेतला होता. मुलं रोज दुपारी नोंद घेतात आणि संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून ती गावाला ऐकवतात. मी गेले त्या दिवशी पाळी होती ती नेमकी एसटीतल्या आजींच्या नातीची. "आजचं तापमान छत्तीस हाय. वारं पूर्वेचं हाय. आन् पुण्याच्या एक बाई आल्यात," असं तिने खणखणीत आवाजात सांगितलं. अख्ख्या गावाला हवामानाबरोबर मीही कळले.

पारावर बसलेल्या आजी कौतुक लपवत करवादल्या, "ऊन किती हाय ते आता ही मला सांगती. जनू माज्या डोक्याला कळतच न्हाय!" मग मला घरी ओढून नेलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही. मी दुसरी भाकरी नको म्हटलं, ते कुणी ऐकलंच नाही. असा गोड दिवस मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. पण रात्री सोलापूरला सात रस्त्याजवळच्या लॉजवर पाठ टेकली आणि पुन्हा माग डोक्यात आला. दत्ता सरांचं काम डोळ्यांनी दिसलं होतं. श्रीलता टीचरांच्या कामाचा मात्र धागासुद्धा मी पाहिला नव्हता.

सकाळी सात रस्त्यावर रिक्षा केली. "कां जाना है, अम्मा?" रिक्षावाल्याने विचारलं. शाळेच्या नावाचा कागद मी लॉजवर विसरले होते, म्हणून सांगितलं, भवानी पेठेत, जिथे माग आहे तिथे. गल्लीबोळांतून त्याने मला एका पत्र्याच्या शेडसमोर उतरवलं. आत दहा-बारा यंत्रमाग एकदम धडधडत होते, इतके की मला माझाच आवाज ऐकू येईना. "येइच तो माग है, अम्मा!" तो अभिमानाने म्हणाला. भवानी पेठेत जाऊन नुसतं 'माग' म्हणणारी मी, आणि दोष द्यायचा तो त्याला? शेडच्या मालकाने हसत शाळेचा रस्ता दाखवला. शाळा दोनच गल्ल्या पुढे होती.

श्रीलता टीचर फाटकातच उभ्या होत्या. तिशीतल्या, बारीक, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणाऱ्या. त्यांचे आजोबा विणकर होते. घरातला माग मात्र त्यांच्या जन्माआधीच गेला. वर्गात चाळीस मुलं, बहुतेक घरी तेलुगू बोलणारी. आणि खिडकीपाशी, अर्धा वर्ग व्यापून, तो माग. मागावर बसले होते नरसय्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. उभा जन्म चादरी विणण्यात गेला. आता टीचरांच्या सांगण्यावरून रोज दोन तास फुकट शिकवायला येतात. मुलं त्यांना 'ताता' (तेलुगूत आजोबा) म्हणतात.

"या, बाई," ताता म्हणाले. "आज पुरा होतंय. तुमीच कापा आता."

कापड जवळजवळ विणून झालं होतं. दक्षिणेकडचे तालुके समोरच्या गोल लाकडावर गुंडाळले गेले होते आणि ताणून बसवलेला होता तो उत्तरेचा भाग. वीण पाहून जीव हरखला. निळ्यावर पांढरं, एक धागा इकडे-तिकडे नाही. मी वाकून बघायला लागले.

करमाळा उजवीकडे होता. बार्शी डावीकडे. उजनीचं धरण बार्शीकरांच्या दारात जाऊन बसलं होतं. आणि जमीन निळी, पाणी पांढरं! सगळा जिल्हा उजव्याचा डावा झाला होता.

मी काही बोलायच्या आत टीचरांनी मला व्हरांड्यात नेलं.

"मॅडम, मला दिवाळीतच कळलं होतं," त्या खालमानेने म्हणाल्या. "म्हणूनच फोटो पाठवले नाहीत. ताता मुलांना कागदावरची घरं उजवीकडून मोजायला लावायचे. माझ्या लक्षात आलं तोवर निम्मं विणून झालं होतं."

"मग थांबवलं का नाही?"

"कसं सांगू? गिरणी बंद झाल्यापासून ते घरीच होते. आता रोज आंघोळ करून, शर्ट बदलून वर्गात येतात. मुलं त्यांच्या पाया पडतात. त्यांना मी म्हणू, तुम्ही चुकलात?" त्यांचे डोळे भरले. "माग न्यायचा असेल तर न्या. पण आज त्यांच्यासमोर नको."

मला राग आला आणि त्या बाईंची दयाही आली. उलटा नकाशा वर्गात लावता येत नाही. लावला तर चाळीस मुलं आयुष्यभर अक्कलकोट पश्चिमेला शोधतील. नियमाप्रमाणे माग जायला हवा होता, आणि ते खजिनदारांना सांगायचं होतं मलाच, ज्या मागासाठी मी भांडले होते त्याच्याबद्दल.

आत गेलो तर तातांनी मागाला हळदकुंकू लावलं होतं. कापड मागावरून उतरवण्याआधी असं करतात म्हणे. मुलं गोल करून उभी होती. तातांनी कात्री माझ्या हातात दिली. टीचर माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवत होत्या. मी गप्प बसायला हवं होतं. पण चुकीच्या नकाशासमोर गप्प बसायची सवय मला कधी लागलीच नाही.

"ताता," मी म्हटलं, "काम सुरेख आहे. पण जिल्हा उलटा विणला गेलाय."

टीचरांनी डोळे मिटून घेतले. तातांनी माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि ते हसायला लागले, आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत.

"बाई, तुमी वरून बघता व्हय?"

"मग कुठून बघायचं?"

उत्तर तातांनी नाही, पोरांनी दिलं, सगळ्यांनी एकदम. "खालून की! खालून बघा की!"

एका मुलीने माझा हात धरला आणि ती सरळ मागाखाली शिरली. त्रेसष्टाव्या वर्षी, गुडघे कटकट वाजवत, मी तिच्यामागून शिरले. पाठीवर आडवी झाले, वर पाहिलं.

पांढरी जमीन. निळं पाणी. करमाळा डावीकडे, बार्शी उजवीकडे, मधे माढा, आणि उजनी जिथे असायला हवी अगदी तिथे. खिडकीतलं ऊन वरून कापडावर पडलं होतं आणि तालुक्यांच्या सीमा निळ्या रेघांनी उजळल्या होत्या. मी मागाखाली पडून मोठ्याने हसले. "टीचर, खाली या!" मी ओरडले. "अहो, लवकर या!"

टीचर साडी सावरत खाली आल्या आणि बघतच राहिल्या. मग तोंडावर हात धरून रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायला.

बाहेर आल्यावर तातांनी समजावलं. चादरीची चांगली बाजू विणताना खाली ठेवायची. वर राहिली तर धूळ बसते, तेल पडतं, हात लागून लागून ती मळते. खालच्या बाजूला नकाशा सरळ यावा म्हणून घरं उजवीकडून मोजायची. वर जिथे निळा धागा, तिथे खाली पांढरा येणारच.

"पण ताता, हे मला आधी का नाही सांगितलंत?" टीचरांनी विचारलं.

"त्यात काय सांगायचं?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "तू विणकराच्या घरातली पोरगी हायस की."

"आणि तुम्ही रे?" टीचर मुलांकडे वळल्या. "तुम्ही तरी सांगायचं!"

धोटा (आडवा धागा वाहून नेणारं होडीच्या आकाराचं लाकूड) खाली पडला की मागाखाली शिरून तो काढायला रोज कुणीतरी जायचंच. वर्गातल्या प्रत्येकाने तो नकाशा खालून पाहिला होता.

"आमाला वाटलं तुमाला म्हाईत असंल," ती मुलगी म्हणाली. "तुमी टीचर हायसा की."

मी कापड कापलं. चार मुलांनी ते उलटवून फळ्यावर धरलं तेव्हा वर्गात जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या वर्गाचे सर धावत आले. मग जेवणं. टीचरांनी घरून सर्वपिंडी आणली होती (तांदळाच्या पिठाची, शेंगदाणे घातलेली तिखट, जाड भाकरी). ताता माझ्या शेजारी बसले होते. "पुढच्या वर्षी महाराष्ट्र विणू," ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी हळूच विचारलं, "माग राहील ना, बाई?" म्हणजे मी माग न्यायचा का ते ठरवायला आले होते, हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "राहील, ताता. मी असेपर्यंत राहील."

परतीच्या गाडीत मला झोप आली नाही. आनंद होता, आणि त्याला लागूनच शरमही होती. पुण्यात बैठक झाली, फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरले, मागाचा विषय दोन मिनिटांत संपला. मग मी एक नवा नियम सुचवला. शाळा बघायला जाणाऱ्याने आधी मुलांच्या शेजारी जमिनीवर बसायचं, त्यांना काय दिसतंय ते विचारायचं, आणि मगच तोंड उघडायचं.

खजिनदारांनी चष्मा वर केला. "तुम्ही बसलात का, बाई?"

"नाही ना," मी म्हटलं. "चाळीस पोरांसमोर एका कारागिराला मी सांगितलं की तुझं काम चुकलंय. तो हसला म्हणून निभावलं. दुसरा कुणी असता तर शर्ट बदलून पुन्हा कधी शाळेत आला नसता."

खजिनदारांनी वही पुढे ओढली आणि नियम लिहून घेतला.