चुन्नीलालने बनवलेली ट्रॉली

चुन्नीलालचा आधी हात चालतो, मग तोंड, आणि डोकं चाललंच तर सगळ्यात शेवटी. तिरोड्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. धान वाहायची ट्रॉली बनवावी तर त्यानेच. त्याने मारलेला जोड दहा वर्षं हलत नाही. पण ट्रॉली न्यायला आलेला माणूस त्याच्यापासून दोन हात लांबच उभा राहतो. एका गिऱ्हाइकाने एकदा वेल्डिंग वाकडं दिसतं असं म्हटलं, तर याने हुकाची लोखंडी पिन उचलून त्याच्या जबड्यावर मारली. दोन दात पडले. पुढच्या हंगामात तोच माणूस दुसरी ट्रॉली बनवायला परत याच्याकडेच आला. ही गोष्ट लोक अजून चहाच्या टपरीवर हसून हसून सांगतात. मीही सांगायचो.

मी सुकराम, त्याचा शेजारी. माझी चार एकर धानाची शेती आणि एक ट्रॅक्टर. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. त्या भिंतीपलीकडून सत्तावीस वर्षं जे ऐकलं ते इथे स्पष्टच लिहितो, कारण आजवर कुठे बोललो नाही. चुन्नीलाल बायकोला मारायचा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून, जास्त पडलं म्हणून, दाराची कडी लवकर उघडली नाही म्हणून. कधी पट्ट्याने, कधी हाताशी आलेल्या अँगलच्या तुकड्याने. पुष्पाबाई ओरडायची नाही. भांडं पडायचं, मग धप्प असा आवाज, मग काहीच नाही. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. सकाळी ती गालापर्यंत पदर ओढून हापशीवर आली की माझी बायको तिला हळद द्यायची. हळद दिली की आमची माणुसकी त्या दिवसापुरती संपायची.

पोरीवर मात्र त्याने कधी हात उगारला नाही. नीतू एकुलती एक. बोदलकसा तलावाच्या पलीकडच्या गावात, विक्की नावाच्या मुलाला ती दिली. त्यांची धानाची मोठी शेती. लग्नात चुन्नीलालने पोरीला एक पांढरी जुनी कार दिली, कागद तिच्याच नावावर केले. नीतू ती स्वतः चालवायला शिकली. तेच तिच्या नवऱ्याला खुपलं.

यंदा होळीनंतर ती ऑटोने माहेरी आली ती डावं मनगट छातीशी धरून. न विचारता गाडी घेऊन तिरोड्याच्या बँकेत गेली म्हणून विक्कीने तिचा हात फटीत असताना कारचं दार आपटलं. दोनदा. एकदा आपटलं असतं तर चुकून झालं असं म्हणता आलं असतं.

दवाखान्यात प्लास्टर झालं, ठाण्यात तक्रार झाली, आणि घरी येताच चुन्नीलालने घण उचलला. मी मागून कंबरेला मिठी मारली, तर त्याने कोपर मारून माझी बरगडी अशी दुखावली की मी आठ दिवस कुशीवर झोपू शकलो नाही. त्याला थांबवलं नीतूनेच. प्लास्टर घातलेला हात दाराच्या चौकटीला टेकवून ती उभी राहिली.

"बाबा, तुमी त्याले एक झापड जरी मारली तं ते लोक उलटी केस टाकतीन. मंग दोन्हीकडच्या केसा मिटवून मले वापस धाडतीन. मले तेथं वापस जायाचं नाही."

ठाण्यातल्या हवालदारानेही तेच बजावलं होतं. पोरीची तक्रार मजबूत आहे, म्हणाला, फक्त बापाने हात खिशात ठेवावा. चुन्नीलालने घण खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला उचललेली वस्तू न मारता खाली ठेवताना पाहिलं.

राहिली कार. ती नीतूची, ती तिला हवी होती. विक्कीची आई धुरपता हिने निरोप धाडला की दम असेल तर घेऊन जा. आणि पोराने विळ्याने चारही टायर फाडले, दगडाने पुढची काच फोडली, बॅटरी काढून विहिरीत टाकली. गोंदियाहून गाड्या उचलून नेणारा एक जण तिकडे गेला होता, त्याच्या मागे विक्की काठी घेऊन धावला. त्यानंतर त्या माणसाने आमचा फोन उचलला नाही. तेव्हा चुन्नीलाल म्हणाला की ट्रॉली मीच बनवतो.

चार दिवस त्याने लोखंडाला जे मारलं ते बघण्यासारखं होतं. दोन लांब चॅनल, मध्ये आडवे अँगल, भंगारातल्या ट्रॉलीचा धुरा, त्याचेच स्प्रिंगचे पाटे, चाकं जातील अशा दोन पत्र्याच्या पट्ट्या आणि मागे चढवायला दोन उतरते रॅम्प. घण पडायचा तेव्हा माझ्या घरातली भांडी वाजायची. मला कळत होतं की तो चॅनल सरळ करत नव्हता, विक्कीचं तोंड फोडत होता. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

आमच्याकडे धानाच्या ट्रॉलीचा धुरा मध्याच्या जरा पुढे ठेवतात. पिन काढली की धान आपोआप मागे उलथतं, माणसं कमी लागतात. चुन्नीलालने तीस वर्षं असाच धुरा बसवला, याही ट्रॉलीला तसाच बसवला. चहा घेऊन आलेली पुष्पाबाई जरा वेळ बघत उभी राहिली. मग तिने विचारलं, गाडीचं तोंड कोणतीकडं राहील? इंजिन जड असतं ना. चुन्नीलालने हातातलं वेल्डिंग रॉडचं तापून लाल झालेलं थोटूक तिच्यावर फेकलं. ते तिच्या घोट्याला लागलं. कातडीचा वास आला. तिने कपबशी खाली ठेवली आणि लंगडत आत गेली. नीतू तेव्हा दवाखान्यात गेली होती. मी होतो. मी चहा प्यालो.

पाचव्या दिवशी सकाळी निघालो. ट्रॅक्टर मी चालवत होतो, दोन्ही मडगार्डवर मायलेकी, रिकाम्या ट्रॉलीवर चुन्नीलाल, पुढे मोटारसायकलवर हवालदार. पुष्पाबाईला कोणी चल म्हटलं नव्हतं. ती आपणहून चढून बसली होती.

हवालदाराने गाडीचा पंचनामा केला, फुटकंतुटकं लिहून घेतलं, सह्या घेतल्या. तेवढ्यात त्याला कुठून तरी फोन आला आणि तो निघून गेला. तो वळणाआड जाईपर्यंत विक्की ओसरीवर दात कोरत बसून होता. मग उठला.

गाडी गोठ्याच्या भिंतीला नाक लावून उभी होती. अंगण अरुंद. चुन्नीलालने ट्रॉली मागून लावली, चेनपुली बांधली आणि साखळी ओढायला लागला. फाटक्या टायरांची गाडी, ढुंगणाकडून, इंच इंच वर चढायला लागली. विक्कीने जवळ येऊन त्याच्या कानफटात मारली. सगळं गाव कुंपणापाशी जमलं होतं. चुन्नीलालने साखळी ओढली. दुसरी बसली. त्याची टोपी पडली, त्याने साखळी ओढली. मग विक्कीने काठी घेतली आणि पाठीवर हाणायला लागला, जसं बैलाला हाणतात तसं, घाई न करता. धुरपता दारातून म्हणाली की व्याह्याच्या हाताले लकवा मारला वाटते. लोक हसले. मला वाटलं, ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये टाकावा आणि त्या ओसरीसकट दोघांना चिरडावं. नीतूने माझ्या मनगटावर नखं रुतवली होती. रक्त आलं तेव्हा मला समजलं.

चुन्नीलाल खालचा ओठ चावत होता. हनुवटीवरून रक्त साखळीवर गळत होतं आणि त्याचे हात घसरत होते. गाडी पूर्ण चढली तेव्हा विक्की काठी टाकून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलला.

"मामाजी, मार खायाची सवय तिले तुमच्याच घरी लागली. मले काऊन बदनाम करून राहिले?"

चुन्नीलालचा चेहरा राखेसारखा झाला. काठीने नव्हता झाला, याने झाला. मला वाटलं, आता संपलं सगळं, आता हा त्याचा गळा धरणार. त्याने धरला नाही. त्याने गाडीला साखळ्या आवळल्या आणि मला हाताने निघ म्हणून खूण केली.

गाडीचं तोंड मागे राहिलं होतं. सगळं इंजिनाचं ओझं धुऱ्याच्या मागे, आणि मागे जड झालेली ट्रॉली वेगात ताब्यात राहत नाही. मला दिसत होतं, त्यालाही दिसलंच असेल. पण फिरवून चढवायची तर त्याच लोकांना अंगण मोकळं करा म्हणून विनवावं लागलं असतं. आम्ही तसेच निघालो.

कच्च्या रस्त्यावर काही झालं नाही. तलावाजवळच्या डांबरी उतारावर ट्रॅक्टरने वेग घेतला आणि मागून ट्रॉली शेपटी हलवायला लागली. आधी थोडी, मग पूर्ण रस्ताभर. ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलल्यासारखा झाला, स्टिअरिंग हातात नुसतंच फिरायला लागलं. एक साखळी तुटली आणि माझ्या कानाजवळून सणसणत जाऊन मडगार्डचा पत्रा फाडून गेली. पुष्पाबाईचा हात तिथून वीतभर अंतरावर होता. ट्रॉली पळसाच्या झाडावर आदळली, ट्रॉलीवर बसलेला चुन्नीलाल उडून रस्त्याकडेच्या गिट्टीवर पडला आणि सगळं थांबलं.

तो उठला. कोपराचं मांस दिसत होतं. पुष्पाबाई खाली उतरली, ट्रॉलीकडे बघून हळूच म्हणाली की वजन मागं पडलं, गाडी फिरवावी लागते.

त्याने तिला मारलं. मूठ कानाच्या वर बसली. ती गिट्टीवर आडवी झाली तर पोटात लाथ घातली, मग आणखी एक. सकाळपासून विक्कीच्या नावाने साठवलेलं सगळं त्याने तिच्यावर रिकामं केलं. तिच्यावर हात टाकला तर केस होत नाही, हे त्याच्या हाताला पाठ होतं. मी ट्रॅक्टरवरून उतरलो आणि उभा राहिलो. सत्तावीस वर्षं भिंत मध्ये होती म्हणून मी गेलो नाही असं मी स्वतःला सांगत होतो. तिथे भिंत नव्हती.

नीतू मध्ये घुसली, प्लास्टरचा हात पुढे करून. तिला बघून तो थांबला. पुष्पाबाई उठून बसली. तोंडातलं रक्त थुंकली, पदराने ओठ पुसले आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली,

"माह्या बापापाशी ट्राली नव्हती."

तिचा बाप नवेगाव बांधचा, तलावात जाळं टाकणारा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो तिला न्यायला आला होता, पिशवीत मासळी घेऊन. मी पाहिलं होतं. चुन्नीलालने त्याला अंगणातून ढकलून दिलं, तो समोरच्या कडुनिंबाखाली दुपारभर बसला आणि शेवटच्या बसने एकटाच परत गेला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

चुन्नीलालने तिच्याकडे पाठ फिरवली. तो बांधावर जाऊन बसला.

गाडी आम्ही तिघांनी फिरवली. रॅम्पवरून शेजारच्या धानाच्या रिकाम्या बांधीत उतरवली आणि ट्रॅक्टरने ओढून वळवली. नीतूच्या एका हाताने स्टिअरिंग वळेना, म्हणून पुष्पाबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसली. फुटक्या काचेचे तुकडे तिने पदराने झटकले. पोरगी बाजूला बसून सांगत होती, डावीकडं, आणखी डावीकडं, आणि ती सगळं अंग टाकून ते जड चाक फिरवत होती. मी चेनपुली ओढली आणि आता नाक पुढे करून गाडी चढली. तुटलेल्या साखळीच्या जागी मी दोर आवळला.

दोघी खाली उतरल्याच नाहीत. पुष्पाबाईने काच नसलेल्या खिडकीतून मला हाक मारली.

"भाऊजी, घरी नोको थांबवा. सीधं गोंदियाले चला, शामकलाकडं."

शामकला तिची धाकटी बहीण. गोंदियात विड्या वळते, एका खोलीत राहते.

चुन्नीलाल बांधावरून उठून आला. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मी कोठं बसू?" त्याने विचारलं.

मडगार्डच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. नीतू समोर बघत होती. पुष्पाबाईने स्टिअरिंगवरचे हात काढले नव्हते. तो माझ्या उत्तराची वाट बघत राहिला, कारण असल्या वेळी माझ्याकडून त्याला कधीच त्रास झाला नव्हता. मी ट्रॅक्टर सुरू केला आणि त्याला तिथेच सोडून निघालो.

ट्रॉली आता रेषेत चालत होती, जराही हलत नव्हती. काम त्याचं चांगलंच आहे, त्यात वाद नाही. तिरोड्यात आमच्या घरांपाशी आलो तेव्हा माझी बायको दारात उभी होती आणि काय झालं म्हणून हात हलवत होती. चुन्नीलालच्या घराला कुलूप होतं, त्याची किल्ली पुष्पाबाईच्या कमरेला होती. मागे वळून मी तिला विचारलं की दोन लुगडी तरी घ्यायची का. ती नाही म्हणाली. मी गिअर बदलला आणि गोंदियाचा रस्ता धरला.